कानामागचा दोरा

दुकानाच्या मागच्या बाजूला, कपडे घालून बघायच्या खोलीत, तीन पानांचा एक उंच आरसा होता. मधलं पान भिंतीला पक्कं, बाजूची दोन बिजागरीवर हलणारी. गिऱ्हाईक मधोमध उभं राहिलं की बाजूच्या पानांतून त्याला स्वतःची पाठ दिसायची, आणि बहुतेकांना ती पसंत पडायची नाही. "माझी पाठ अशी आहे?" म्हणत माणसं मान वळवून वळवून बघत राहायची. टाचणीमावशी त्यांच्या पायाशी बसून पँटची लांबी धरत असायची. तोंडात टाचण्या असल्यामुळे ती बोलायची नाही. बोलता आलं असतं तर म्हणाली असती, बाबा रे, तुझी पाठ पहिल्यापासून अशीच आहे, आम्ही सगळे रोज बघतोच आहोत. तुलाच ती आज दिसली.

टाचणीमावशी हे नाव तिला कोणी दिलं ते आता कोणाला आठवत नव्हतं. तोंडात टाचण्या, कॉलरला टाचण्यांची रांग, मनगटाला टाचण्यांची उशी. दुसरं काय म्हणणार? साठी उलटलेली, लग्न न केलेली, अंगाने काटकुळी अशी ती बाई दुकानात आल्टरेशनचं काम करायची. विकत घेतलेली पँट आखूड करायची, कंबर आत घ्यायची, कोटाच्या बाह्या मनगटावर आणून ठेवायच्या. कापडाचा नवा तागा तिच्या वाट्याला कधी आला नाही. दुसऱ्याने शिवलेलं उसवायचं आणि तिसऱ्याच्या अंगावर बसवायचं, हा तिचा जन्माचा धंदा.

लांब टेबलाच्या दुसऱ्या टोकाला दुकानाचा जुना कटर उभा असे. मापाचे कोट कापायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलं नाहीत, बोलणं मोजकं, आणि जे बोलेल ते त्याच्या कात्रीसारखं. तो तिला 'बाई' म्हणायचा, ती त्याला 'अहो' म्हणायची. दोघांच्या मध्ये ते टेबल आणि सबंध आयुष्याचं न बोलणं पसरलेलं होतं. त्यात भांडण नव्हतं. नुसती सवय होती.

मावशीला एक खोड होती. सुटा दोरा तिला बघवत नसे. कोणाच्याही अंगावर, कुठेही. एकदा बसच्या रांगेत पुढच्या माणसाच्या कोटावर लोंबणारा दोरा तिने खिशातल्या बोटाएवढ्या कात्रीने कटकन कापला. तो माणूस केवढ्यांदा दचकला!

"अहो, काय करताय?"

"दोरा होता."

"होता म्हणजे?"

"आता नाही," ती म्हणाली आणि कात्री खिशात टाकली.

दुकानात हे कळल्यावर कटर म्हणाला होता, "बाई, एक दिवस तुम्ही कोणाच्या तरी मिशीला कात्री लावाल." त्या वर्षातलं त्याचं ते सर्वांत लांब वाक्य असेल.

मग तिचे पाय बिघडले.

दुखत नव्हते, सुजले नव्हते, नुसते उचलत नव्हते. तळव्यांना कोणीतरी फरशीशी टाके घातल्यासारखी ती घासत घासत चालायची. दारात वळायचं म्हटलं की जागच्या जागी चार लहान लहान पावलं टाकत उभी. लघवीची घाई व्हायची आणि पाय घाई करायचे नाहीत, त्यामुळे जे व्हायचं ते होऊन ती संकोचाने अर्धी व्हायची. बॉबिन भरलेली असताना पुन्हा भरायला घ्यायची. रोजच्या गिऱ्हाइकाचं नाव तोंडाशी येऊन अडायचं. मालक म्हणाले, "वय झालं, मावशी." जिन्यात भेटणारे शेजारीही तेच म्हणाले. सगळ्यांनी म्हटल्यावर तीही म्हणायला लागली.

कटर एकटा म्हणाला, "वय माझंही झालंय. मी असा चालत नाही. दाखवून या."

डोक्याचा फोटो काढल्यावर कळलं. मेंदूत जे पाणी सगळ्यांच्याच खेळतं असतं, ते तिच्या डोक्यात साचून बसत होतं. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की कानाच्या मागून एक बारीक नळी आत घालायची, ती कातडीखालून मान, छाती करत पोटात न्यायची. जास्तीचं पाणी तिथे उतरतं आणि पोट ते जिरवून टाकतं. बाहेरून काही दिसत नाही. मावशीने विचारलं, "म्हणजे अस्तरातून नाडी ओवल्यासारखं?" डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "अगदी तसंच."

ऑपरेशनला परगावाहून तिची धाकटी बहीण आली. धाकटी म्हणजे भरल्या घरातली. नवरा, मुलगा, सून, सगळं जिथल्या तिथे. ऑपरेशन झालं आणि काही दिवसांत मावशीचे पाय फरशीवरून उचलले. दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यातून ती टाचा वाजवत चालली तेव्हा धाकटीने डोळे पुसले आणि लगेच बोट रोखलं.

"ताई, या वेळी खोलीवरच राहायचं म्हणालीस ते ऐकलं. पुन्हा काही झालं ना, तर खोली सोडायची आणि सरळ माझ्याकडे यायचं. घे माझी शपथ."

"अगं पण आता काय होणार आहे?"

"म्हणूनच घे. काही होणार नाही तर शपथ घ्यायला काय जातंय?"

मावशीने शपथ घेतली. पाय मिळालेला माणूस काय वाटेल त्याला हो म्हणतो.

धाकटीचं घर चांगलं होतं, यात वादच नव्हता. स्वयंपाकघराला लागून एक खोली होती, उजेडाची, तिच्यासाठी पडदेसुद्धा घेऊन ठेवलेले. सगळी माणसं प्रेमळ. पण त्या खोलीत पलंग आणि कपडे धुवायचं मशीन बसल्यावर शिवणाचं मशीन ठेवायला जागा नव्हती. "मशीन कशाला आणतेस?" धाकटी म्हणायची. "आता आराम कर की." मावशीला वाटायचं, आराम करून मग काय करायचं?

तिची स्वतःची खोली दोन जिने चढून होती. खिडकीशी मशीन, भिंतीला कॉट, एक खुर्ची. दुसरी खुर्ची कधी लागली नव्हती. संध्याकाळी दुकानातून आली की ती दिवा लावायची, चहा टाकायची आणि रेडिओ लावायची, बातम्यांसाठी नव्हे, नुसता आवाज म्हणून. समोरच्या इमारतीत एका घरात जेवायला बसलेली माणसं दिसायची. ती बघत बसायची नाही, पण पडदाही ओढायची नाही.

अशाच एका संध्याकाळी केस विंचरताना उजव्या कानामागे, जखमेच्या वणावर, तिच्या बोटाला काहीतरी लागलं.

बारीक, ताठ, तांदळाच्या कणीएवढं टोक. वरचे टाके दवाखान्यात काढले होते. आतले आपोआप विरघळतील असं सांगितलं होतं. त्यांतल्याच एकाचं टोक वर आलं असणार. दुसरी कोणी असती तर आरशात बघायला गेली असती, दिसलं नाही म्हणून कोणाला तरी हाक मारली असती, आणि ते कोणीतरी म्हणालं असतं, हात लावू नकोस. मावशीला आरसा लागला नाही. तिची बोटं आयुष्यभर हेच करत आली होती. दोरा चिमट्यात धरून जरासा ओढायचा, मुळाशी कापायचा, म्हणजे उरलेलं टोक आपलं आपण आत जातं आणि कापड गुळगुळीत दिसतं. हजारो पँटींना तिने हे केलं होतं. कात्री तिने रुमालाला पुसली. स्वच्छ बाई होती ती. चिमटा, ओढ, कट. टोक आत गेलं. तिने बोट फिरवून पाहिलं, वण गुळगुळीत लागला आणि तिला खरोखर बरं वाटलं.

सकाळी उशीवर बटणाएवढा ओला डाग होता. मग खपली धरली. मग ती विसरून गेली.

त्यानंतर काही आठवड्यांनी संध्याकाळचं अंग तापायला लागलं. फार नाही, कपाळाला हात लावून "कणकण आहे का गं?" असं विचारणारं कोणी असतं तर कळावं, इतपतच. पोटात बेंबीच्या बाजूला दुखायचं. मान वळवताना कातडी ताणल्यासारखी व्हायची, हात लावला की गरम. तिने गळ्याला स्कार्फ गुंडाळायला सुरुवात केली. रविवारी धाकटीचा फोन यायचा.

"कशी आहेस?"

"मजेत."

"आवाज का असा?"

"तोंडात टाचण्या आहेत."

"रविवारी?"

"गिऱ्हाइकाची घाई आहे," मावशी म्हणायची आणि मोकळ्या तोंडाने भिंतीकडे बघत राहायची. शपथ तिला पक्की आठवत होती. काहीतरी झालं होतं, हेही तिला आतून कळत होतं. पण जे कोणाला सांगितलं नाही ते अजून झालेलं नाही, असा एकट्या राहणाऱ्या माणसाचा एक हिशोब असतो. तिचा तो हिशोब चालू होता. आणि एके दिवशी दुकानाच्या पायरीशी तिचे पाय पुन्हा जमिनीला चिकटले.

तरी ती आत गेली. त्या दिवशी एक लठ्ठ वकील आले होते, नवा कोट घालून आरशापुढे उभे. "पाठीत फुगतोय," म्हणाले. कोट फुगत नव्हता, पण मावशीने मान डोलावली आणि टाचण्या लावायला मागे उभी राहिली. मग खालच्या कडेसाठी गुडघ्यावर बसली आणि उठायला गेली तर उठता येईना. हात टेकला, स्कार्फ सुटून खाली पडला. तिने वर पाहिलं. आरशाची बाजूची पानं उघडी होती. तिन्ही पानांत वकिलांची पाठ, आणि त्या पाठीखाली एक म्हातारी बाई, जिच्या मानेवरून कानापासून कॉलरच्या आतपर्यंत एक लाल रेघ उतरली होती. सरळ. वाकड्या हाताने मारलेल्या खडूसारखी नव्हे, चांगल्या कारागिराने आखल्यासारखी. इतकी वर्षं त्या आरशासमोर काम करून तिने स्वतःची मान त्यात कधी पाहिली नव्हती.

"मावशी, तुमच्या मानेला काय झालंय?" वकील म्हणाले.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कात्रीचा आवाज थांबला. कटर कापड अर्धं कापून कधी थांबत नसे. रेघ हलते म्हणायचा. तो आला, त्याने मान बघितली, तिच्या काखेत हात घालून तिला उभं केलं.

"चला."

"कुठे?"

"कुठे ते तुम्हाला माहीत आहे."

"धाकटीला कळवू नका," मावशी म्हणाली. "बाकी कुठेही न्या."

कटरने टॅक्सी बोलावली. दवाखान्यात खिडकीपलीकडच्या माणसाने "नातं काय?" विचारलं तेव्हा तो क्षणभर गोंधळला आणि म्हणाला, "दुकानातला."

डॉक्टरीणबाईंनी मान बघितली, पोट दाबून बघितलं, नळीतलं पाणी तपासायला पाठवलं. त्यात जंतू निघाले. "हे जंतू आपल्या सगळ्यांच्या कातडीवर असतात," त्या खुर्ची ओढून बसत म्हणाल्या. "तिथे ते काही करत नाहीत. पण आत नळीवर पोचले की तिच्यावर बुळबुळीत थर धरून बसतात. त्या थराखाली औषध पोचत नाही. म्हणून नळीच काढावी लागेल."

"आणि मग माझे पाय?"

"आधी पाणी स्वच्छ होऊ दे. मग दुसऱ्या बाजूने नवी नळी घालू. पाय बहुतेक परत येतील."

'बहुतेक' हा शब्द मावशीने नीट घडी घालून मनात ठेवला.

नळी निघाली. तिच्या जागी डोक्यातून एक नळी बाहेर काढून कॉटशेजारच्या स्टँडवरच्या पिशवीला जोडली होती. पिशवीची उंची कानाच्या रेषेत मोजून लावलेली. मावशी वर-खाली झाली तर पाणी एकदम जास्त उतरायचं किंवा अडायचं, म्हणून हलण्याआधी सिस्टरला बोलवायचं, तिने तोटी बंद करायची, मग बसायचं, मग पुन्हा उंची लावायची, मग तोटी उघडायची. आयुष्यभर वाटेल तेव्हा उठलेली बाई ती. पहिल्याच सकाळी ती सवयीने उठायला गेली आणि उंचशी सिस्टर वॉर्डच्या टोकाहून ओरडत धावली.

"मावशी! काय ठरलंय आपलं?"

"पाणी प्यायचं होतं."

"मग घंटा वाजवायची. तुमचं डोकं सध्या माझ्या परवानगीवर चालतं, कळलं?"

"एका ग्लास पाण्यासाठी तुम्हाला काय बोलवायचं?"

"मी त्याचाच पगार खाते," सिस्टर म्हणाली. तोटी उघडताना तिने मावशीच्या हाताखाली घंटेचं बटण सरकवून दिलं. मावशीने ते दाबलं नाही. तहान लागली तर ती सिस्टर कोणा दुसऱ्याकडे येईपर्यंत थांबायची आणि मग, "आलाच आहात तर," म्हणायची.

दुपारी भेटायच्या वेळी वॉर्ड भरून जायचा. शेजारच्या कॉटवरच्या आजीबाईंची मुलगी रोज येऊन आईचे केस विंचरायची. आजीबाई कुरकुरायच्या, "ओढतेस किती!" मुलगी म्हणायची, "मागे गुंता झालाय तो तुला दिसतोय का?" मावशी तिकडे पाठ करू शकत नव्हती, नळीमुळे तिला एकाच कुशीवर पडावं लागे. ती डोळे मिटून घ्यायची. पण आवाज यायचाच, कंगव्याचा आणि कुरकुरीचा.

धाकटीला दवाखान्यानेच कळवलं. ती आली ती दारातूनच ओरडत.

"लपवलंस! माझ्यापासून लपवलंस!"

"अगं, हळू. तोटी बंद करायला लागेल."

"थट्टा सुचतेय तुला? ताई, तू मेली असतीस त्या खोलीत आणि मला रविवारी कळलं असतं!"

ते खरं होतं. धाकटी कॉटवर बसून रडली, मग तिने नाक पुसलं आणि व्यवस्थेला लागली. शपथेची आठवण करून द्यायचीही तिला गरज पडली नाही. खोली सोडणार म्हणून घरमालकांच्या कानावर घालून झालं, मशीनला गिऱ्हाईक बघायला कटरला निरोप गेला. "पडदे लावून ठेवते," ती जाताना म्हणाली. "इथून सुट्टी झाली की न्यायला येते." आणि वाकून तिने ताईच्या गालाला गाल लावला. तेव्हा मावशीला सर्वांत जास्त वाईट वाटलं.

पाण्याचे नमुने तपासायला जात होते. शिरेतून औषध चाललं होतं. एके दिवशी डॉक्टरीणबाई पट्टी बदलत असताना मावशी भिंतीकडे बघत म्हणाली, "एक सांगायचंय. मी कानामागचा दोरा कापला होता."

त्यांचे हात थांबले. मावशीने सगळं सांगितलं. चिमटा, ओढ, कट, रुमालाला पुसलेली कात्री, उशीवरचा डाग.

"म्हणजे हे माझ्याच हाताने झालं ना?"

"झालंही असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "किंवा नसेलही. खरं सांगू? बरेचदा हे जंतू ऑपरेशनच्या वेळीच आत जातात, कितीही काळजी घेतली तरी. मग दोष माझ्या हातांचा. ते आता दोघींनाही कळणार नाही." त्या पट्टी चिकटवायला लागल्या. "पण कानामागचं तुम्हाला दिसलं कसं?"

"दिसलं नाही. बोटांना लागलं."

"मग कोणाला दाखवलं का नाहीत?"

मावशीने तोंड उघडलं. उत्तर सोपं होतं, आणि ते तोंडातून निघेना. टाचण्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी चिकटवून पुरी केली. पण त्यांना कळलं असावं, कारण पाणी स्वच्छ आलं, डाव्या बाजूने नवी नळी घातली गेली आणि मावशी सिस्टरचा हात धरून उभी राहिली, तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "जखम भरेपर्यंत रोज कोणीतरी कानामागे बघितलं पाहिजे. लाली, सूज, ओलेपणा, काही वर आलंय का. रोज. तुमच्या बोटांनी नाही, दुसऱ्याच्या डोळ्यांनी. ताप आला, पोट दुखलं, चाल बिघडली, तर त्याच दिवशी इथे. असं कोणी असेल तर कुठेही राहा. नसेल तर बहिणीकडे जा."

म्हणजे इतकंच होतं. पाय परत येत होते, फरशी सुटत होती. तिची खोली, खिडकी, मशीन हे सगळं आता एका माणसावर अडलं होतं, जो रोज तिच्या कानामागे बघेल. मावशीने आठवून पाहिलं. जिन्यातले शेजारी, ज्यांची नावंही तिला धड माहीत नव्हती. दुकानाचे मालक, जे बघतील आणि विसरतील. तिने गावातल्या निम्म्या लोकांच्या पाठी पाहिल्या होत्या, त्यांचे खांदे, त्यांची कुबडं, त्यांनी लपवलेली पोटं. तिची पाठ कोणी पाहायची?

कटर सुट्टीच्या आधीच्या दिवशी आला. पिशवीत बिस्किटं होती. तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"मशीनला गिऱ्हाईक आलंय," तो म्हणाला. "मी सांगितलं, मशीनचा पाय हलतो."

"हलत नाही पाय."

"मला माहीत आहे." त्याने पिशवीची घडी घातली. "गेलं ते."

मावशीने घसा साफ केला. तीन ऑपरेशनं झाली होती तिची, पण त्याआधी तिला झोपवलं होतं. इथे कोणी झोपवणार नव्हतं.

"अहो, एक काम होतं."

"बोला."

"रोज माझ्या कानामागे बघाल का?"

कटरच्या कपाळावर आठी पडली. शेजारच्या आजीबाईंनी उघड उघड कान टवकारले.

"नुसतं बघायचं?"

"नुसतं बघायचं. हात लावायचा नाही."

"दोरा दिसला तर?"

"तर डॉक्टरांना फोन. कापायचा नाही."

"हे तुम्ही मला सांगताय?" कटर म्हणाला.

मग त्याने स्टँडकडे पाहिलं. रिकामाच होता आता तो. "मला जवळचं नीट दिसत नाही," तो म्हणाला. "चष्मा बदलायला झालाय. बदलतो."

धाकटी पडदे लावून न्यायला आली आणि हे ऐकून तिचा चेहरा उतरला.

"दुकानातला माणूस बघणार? आणि मी कोण आहे मग तुझी?"

"तू माझी धाकटी आहेस."

"शपथ मोडतेस."

"मोडते. पण लपवून नाही मोडत."

धाकटीने तिला खोलीपर्यंत सोडलं, कॉटवर नवी चादर घातली, दूध-पावाची सोय केली आणि एका शब्दाने न बोलता संध्याकाळच्या गाडीने निघून गेली. त्यानंतर रविवार आले आणि गेले. फोन आला नाही.

दुकानात मात्र रोज सकाळी, शटर वर गेलं की मावशी तीन पानांच्या आरशासमोर जाऊन उभी राहायची. कटर नवा चष्मा चढवून मागे यायचा, हात पाठीशी बांधायचा, जणू न जाणो हात आपण होऊन पुढे जातील, आणि वाकून बघायचा. उजवा वण, डावा वण, मग मान. "ठीक," म्हणायचा. एकदाच, पहिल्या दिवशी, पुढे म्हणाला होता, "टाका चांगला घातलाय. बारीक." मग आपल्या टोकाला जायचा आणि कात्री सुरू व्हायची. मावशी आरशात त्याची जाणारी पाठ बघायची. उजवा खांदा थोडा उतरलेला होता. कोटाला तिकडे गादी घालायला हवी, असं तिला वाटायचं. बोलायची नाही. बाकी दिवस पूर्वीसारखाच. संध्याकाळही पूर्वीसारखीच, दिवा, चहा, रेडिओ. एकटेपणाला नळी नसते, तो कुठे उतरून जात नाही. पण सकाळच्या त्या 'ठीक'ची तिला सवय व्हायला लागली होती, आणि रविवारी दुकान बंद असायचं.

अशाच एका रविवारी दुपारी मशीनवर बसल्या बसल्या तिचं बोट डाव्या कानामागे गेलं आणि तिला लागलं.

बारीक. ताठ. टोक.

उजवा हात आपोआप मशीनच्या खणाकडे गेला. कात्री हाताला लागली, गार. चिमटाही तिथेच होता. मावशी तशीच बसून राहिली. खिडकीबाहेर समोरच्या घरातली माणसं जेवण आटोपून ताटं उचलत होती. उद्या सकाळी कटर बघेल. पण उद्यापर्यंत ही बोटं काय करतील, याची तिला खात्री नव्हती.

तिने खण बंद केला आणि फोन उचलला. इतक्या वर्षांत तिने धाकटीला आपण होऊन असा फोन केला नव्हता. तिचा फोन यायची वाट बघायची आणि मजेत आहे म्हणायचं, एवढंच. व्हिडिओवर पलीकडे धाकटीचा चेहरा दिसला, सावध, गाल फुगवलेला.

"काय झालं?"

"माहीत नाही," मावशी म्हणाली. "कानामागे काहीतरी लागतंय. मला दिसत नाही. बघतेस?"

"हात लावू नकोस!" धाकटी ओरडली. "लावलास का हात? ताई, खरं सांग!"

"नाही लावला. म्हणून तर फोन केला."

"फोन मागे धर. उजेडाकडे वळ. तसं नाही, अगं, छत दिसतंय मला. खाली. अजून खाली. हं. हलू नकोस आता."

मावशीने केस वर धरले आणि फोन कानामागे धरून ती भिंतीकडे तोंड करून बसली. समोर चुन्याची भिंत आणि खिळ्याला अडकवलेली मोजायची पट्टी. धाकटीचा चेहरा तिच्या पाठीमागे होता, तिला न दिसणारा. नुसता श्वास ऐकू येत होता.

"दिसतंय का?"

"थांब गं."

"लाल आहे?"

"लाल नाही. ओलं नाही." मग धाकटी हसली, सर्दी झाल्यासारखं. "केस आहे तो, ताई. भादरलेलं होतं ना तिथे, ते उगवतायत. खुंट आहेत नुसते. पांढरे."

"सगळे?"

"सगळे."

मावशीचा हात दुखायला लागला होता. बघून झालं होतं, फोन खाली घ्यायला हरकत नव्हती. पण पलीकडून धाकटी घे म्हणाली नाही, आणि मावशीनेही घेतला नाही. बराच वेळ ती तशीच भिंतीकडे बघत बसली, कानामागे बहिणीचा श्वास ऐकत.

"पुढच्या रविवारी पण बघायचं आहे," शेवटी ती म्हणाली. "दुकान बंद असतं."

"खिडकीत बस म्हणजे," धाकटी म्हणाली. "तिथे फार अंधार आहे."